सात नंबरचे बरे झाले

शाळेत मैत्री करायला काय लागतं? खोडरबर मधोमध तोडायचा, अर्धा शेजारणीला द्यायचा, झाली मैत्री. पण एकेचाळिसाव्या वर्षी कोण कुणाला खोडरबर देतं? त्या वयात ओळखीचे ढीगभर असतात, नातेवाईक तर नको तेवढे असतात, आणि मैत्रिणी म्हणजे जुन्या फोटोत दोन वेण्या घालून उभ्या असलेल्या मुली. सातलाही तसंच वाटायचं. मैत्रीचं दुकान आपल्यापुरतं कधीच बंद झालं, शटर खाली, वर कुलूप. आणि नेमके तेव्हाच तिला चार आणि नऊ भेटले.

ही काही त्यांची पाळण्यातली नावं नव्हेत. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसची लांबलचक खोली होती, तिच्यात बारा बेड होते, आणि बेडवरच्या माणसाला नाव असलं तरी शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्याला नसायचं. "चार नंबरवाल्या बाई, चादर आणलीत का?" "ओ नऊ नंबर, खाली तुमची गाडी आडवी लागलीये!" सिस्टर अशाच हाका मारायच्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार-चार तास. मशीन माणसाचं रक्त बाहेर काढतं, धुतं, परत आत सोडतं. तोवर स्टुलावरच्याने काय करायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. मग तो शेजारच्या स्टुलाशी बोलायला लागतो.

चार ही चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्याच्या नाकाकडे बघून त्याला कुठली फ्रेम शोभेल हे सांगायची, आणि न विचारता सांगायची. "तुला गोल नको, सात. आधीच तुझा चेहरा काळजीने गोल झालाय." तिचा नवरा चार नंबरच्या बेडवर उताणा पडून तिच्या गप्पांना कंटाळायचा आणि ती गप्प बसली की घाबरायचा. नऊ शाळेची बस चालवायचा. बेडवर त्याची बायको. दिवसभर चाळीस पोरांचा कल्ला ऐकून त्याचं स्वतःचं बोलणं संपून गेलं असावं, कारण तो दर दोन वाक्यांना एकदा "हो ना" म्हणायचा आणि तेवढ्यात त्याचं भागायचं. आणि सात वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवायची. पाठ निखळलेलं पुस्तक घ्यायचं, दोरा ओवायचा, डिंक लावायचा, वजनाखाली दाबून ठेवायचं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. म्हणजे हात चालत होते तोवर करायचा.

साडेचार वर्षांहून जास्त काळ ही तिघं एकमेकांच्या स्टुलावर बसली होती. कुणाचा डबा कुणी खाल्ला, कोण कुणाच्या खांद्यावर झोपलं, याला काही सुमार नव्हता.

त्यांची एक रीत होती. महिन्यातला एक बुधवार. आदल्या दिवशी रक्त धुऊन झालेलं असतं, पेशंट जरा बऱ्यातले बरे असतात, दोन-अडीच तास कुणाला तरी घरी बसवून बाहेर पडता येतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर जायचं आणि मेनूकार्डाला हातही लावायचा नाही. चारने पर्समधून स्वतःचं कार्ड काढायचं. आहारवाल्या बाईंनी दिलेली ती यादी होती, वर ठळक अक्षरांत "न चालणारे पदार्थ". चारने ती चक्क प्लास्टिकमध्ये मढवून घेतली होती. टोमॅटो, बटाटा, केळी, संत्र्याचा रस, चीज, लोणची. घरी जे पेशंटच्या डोळ्यांदेखत खाता येत नाही, ते सगळं वरून खाली मागवायचं. म्हाताऱ्या वेटरला ते पाठ झालं होतं. ही मंडळी जिन्यात दिसली की तो आत ओरडायचा, "यादीवाले आले!"

पण त्याच्याही आधी, बसल्या बसल्या, प्रत्येकाने एक पूर्ण ग्लास पाणी प्यायचं. घटाघटा, आवाज करत, हनुवटीवरून ओघळू देत. तहान काय असते ते त्या तिघांनाच माहीत होतं, स्वतः तहानलेले नसूनही. ज्या माणसाला दिवसभरात जेमतेम तीन कप पाणी चालतं, त्याच्यासमोर बायको पाणी कशी पिणार? सात स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून प्यायची. नळसुद्धा बारीक सोडायची, आवाज होऊ नये म्हणून.

अजूनही तशीच प्यायची. ज्याच्यापासून लपवायचं तो जाऊन सदतीस दिवस झाले होते.

त्यानंतरचा हा पहिला बुधवार. फोन आला तेव्हा सात नाही म्हणाली होती. पण मुलीने कपाटातून निळा ड्रेस काढून आईच्या अंगावर फेकला. "आई, तू जा. तू घरी बसलीस की मला पण रडका चेहरा करून बसावं लागतं. मला गणित आहे." ती असं म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवून वहीत नसलेलं काहीतरी शोधायला लागली.

सात गेली, पण नुसती मुलीसाठी नाही. तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला जगात दोनच माणसं होती.

सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की तो झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. नणंद म्हणाली, सुटला बिचारा, कळलंसुद्धा नसेल कुणाला. पण सातला कळलं होतं. तिला त्या रात्री जाग आली होती. आणि जाग आल्यावरही ती अर्धा तास उठली नव्हती. कुणाला हाक मारली नव्हती, फोन उचलला नव्हता. ते का, हे ती नणंदेला सांगू शकत नव्हती, मुलीला तर नाहीच. चार आणि नऊला सांगितलं असतं तर कदाचित कळलं असतं. कदाचित त्यांनीही तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं. पण एकदा सांगायचं, आज सांगायचं, असं ठरवून ती जिना चढली.

वर त्यांच्या नेहमीच्या टेबलापाशी चौथी खुर्ची होती. आणि खुर्चीत एक मुलगी होती.

मुलगी म्हणजे तिशीची असेल. गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं. बसली होती अशी, की कुणी "ऊठ" म्हटलं तर तत्काळ उठता यावं.

"ये ये ये!" चारने सातला मिठीच मारली, आणि कानात घाईघाईने म्हणाली, "रागावू नकोस गं. ही नवीन आहे. दोन आठवडे झाले, पोटात अन्न नाही हिच्या. काल लिफ्टपाशी चक्कर येऊन खाली बसली. म्हटलं, घेऊन येते. चालेल ना?"

"चालेल की."

"कुरियरच्या ऑफिसात असते. नवरा पेशंट आहे. बेड..." आणि चार अडखळली. चारला अडखळताना कुणी पाहिलं नव्हतं. "सात नंबर."

हं. साहजिकच होतं. बेड काही कुणाच्या आठवणीत रिकामा ठेवत नाहीत. यादीत माणसं थांबलेली असतात. सातला हे डोक्याने कळलं, तरी खुर्ची ओढून बसायला तिला जरा वेळ लागला.

नऊ तिच्याकडे बघतच नव्हता. टेबलावरची ती प्लास्टिकमधली यादी तो अशी वाचत होता, जणू उद्या त्याच्यावर परीक्षा आहे. त्याचे कान लाल झाले होते.

"नऊ, कसे आहात?"

"हो ना," नऊ म्हणाला.

पाण्याचे ग्लास आले. चारने नव्या मुलीला नियम समजावला. "एका दमात. सांडलं तरी चालेल. सांडायलाच हवं." मुलीने ग्लास ओठांना लावला, दोन घोट घेतले आणि चोरी पकडल्यासारखी जिन्याकडे बघायला लागली.

"नाहीये तो इथे," चार म्हणाली. "पी."

मग ती प्यायली. सगळा ग्लास. आणि रिकामा ग्लास खाली ठेवून, ओठ पुसून, सातकडे वळून पहिल्यांदाच हसली. दोन आठवड्यांचं साचलेलं असावं असं हसू होतं ते.

"ताई, तुम्ही आधीच्या सात ना? मला केव्हापासून तुम्हाला भेटायचं होतं. काकांनी सांगितलं मला." तिने नऊकडे मान केली. "पहिल्या दिवशी मी खूप घाबरले होते. विचारलं, या बेडवर आधी कोण होतं, ते कुठे गेले. काका म्हणाले, त्यांना किडनी मिळाली, ऑपरेशन झालं, सात नंबरचे एकदम बरे झाले. ते ऐकलं आणि ताई, त्या रात्री मी झोपले. कसे आहेत हो ते आता?"

चारचा हात बटाट्याच्या तळलेल्या कापांकडे चालला होता, तो तिथेच राहिला. तिने नऊकडे बघितलं. बस उलट्या दिशेने घुसवलेल्या ड्रायव्हरचा चेहरा कसा होतो, तसा नऊचा झाला होता. कुणीही न सांगता सातला सगळं समजलं. ही मुलगी बेडशेजारी रडत होती, आणि या मुखदुर्बळ माणसाच्या तोंडून आयुष्यात एकदाच एक अख्खं वाक्य निघालं, आणि ते खोटं होतं. आणि चारला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून तिने हिला थेट इथे आणून बसवलं.

सात बोलणार होती. "ते गेले," दोन शब्द, त्याला वेळ कितीसा लागतो? पण मुलगी अजून तशीच हसत होती.

"बरे आहेत," सात म्हणाली.

"पाणी? पाणी किती पितात?"

"हवं तेवढं."

"म्हणजे किती?"

आता आली का पंचाईत! सातने डोळे मिटले आणि तिला तो दिसला. "सकाळी उठले की फ्रीज उघडतात आणि बाटलीच तोंडाला लावतात. दार उघडंच. मी ओरडते, अहो, दार लावा, सगळा गारवा बाहेर चाललाय. ऐकतील तर शपथ."

"अर्धी बाटली?"

"अख्खी. आणि वर ढेकर."

मुलगी खुदकन हसली. चारही हसली, पण तिचे डोळे भरले होते, म्हणून तिने घाईने खूपसं लोणचं तोंडात घातलं आणि "तिखट आहे, तिखट" म्हणत बसली.

"कामावर जातात?"

"जातात ना. काल एका इमारतीत दोघं नवरा-बायको भांडत लिफ्टमध्ये शिरले आणि मधेच अडकले. हे वरून ओरडले, तुमचं भांडण मिटलं की सांगा, मग सोडवतो." हे खरं होतं. काल नाही, नऊ वर्षांपूर्वी. पण एकदा सुरू केल्यावर सातला थांबता येईना. ती सांगत गेली. जिने चढताना आता त्यांना दम लागत नाही. रात्री दोनदा उठून केळं खातात. मुलीला सायकल शिकवायचं राहिलं होतं, ते या रविवारी शिकवलं, आणि ती पडली. सदतीस दिवसांत एकाही माणसाने तिला "ते कसे आहेत" असं विचारलं नव्हतं. कोण विचारणार? आणि इथे ही कोण कुठली मुलगी, एकेक उत्तर पाणी प्यावं तसं पीत होती. सातच्या अंगात ऊब आली. तो होता. टोमॅटोचं सूप थंड होईपर्यंत तो होता.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरातला ओव्हन वाजला. बीप, बीप, बीप.

आणि चौघंही ताडकन उभी राहिली. चार, नऊ, सात, आणि ती नवीन मुलगीसुद्धा; चौघांच्या माना चार दिशांना वळलेल्या, सिस्टरला हाक मारायला तोंडं उघडलेली. मशीन वाजलं की उठायचं, ट्यूब दुमडली का बघायचं, हात सरळ करायचा. म्हातारा वेटर हातात ताट घेऊन बघतच राहिला. "ब्रेड भाजून झाला हो," तो म्हणाला, "कुणी मेलं नाही."

चौघं हसली, काय हसली! चार तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. "बारा दिवसांत!" ती नव्या मुलीकडे बोट दाखवत म्हणाली, "बारा दिवसांत तयार झाली ही! आम्हाला महिना लागला होता!" नऊ रुमालाने डोळे पुसत होता. सात हसता हसता खाली बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण कुणासाठी उठलो होतो?

हसणं ओसरलं. "सात, ते मीठ दे गं इकडे," चार म्हणाली.

मिठाच्या बाटलीवर दोन हात पडले. सातचा आणि नव्या मुलीचा.

चारने जीभ चावली. सातने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि बाकीच्या जेवणभर तो तिथेच होता. सांगायचं होतं ते आज सांगता येणार नव्हतं. ज्यांना सांगायचं त्यांच्यासमोर तिने त्याला उभा करून ठेवला होता, धडधाकट, हातात बाटली घेऊन. आता त्याला मारायचं कसं? आणि पुढच्या बुधवारी ती कोण म्हणून येणार होती? बेडवालीला बेड असतो. बरे झालेल्यांच्या बायका कशाला येतील न चालणारे पदार्थ खायला?

साडेनऊला सगळी खाली उतरली. रस्त्यावर दुकानं बंद होत होती. नऊ गाडी आणायला वळला, तेवढ्यात मुलीने सातचा दंड धरला.

"ताई, एक मागू? नाही म्हणू नका." ती भराभर बोलत होती, धीर संपायच्या आत सगळं बोलून घ्यायचं असल्यासारखी. "हे म्हणतात, बस झालं. काल मशीनवर बसायलाच तयार नव्हते. दीड तास समजावलं मी. उद्या येणारच नाही म्हणतात, असं जगण्यापेक्षा नको म्हणतात. माझं ऐकत नाहीत. डॉक्टरांचं तर नाहीच. पण तुमचे मिस्टर त्याच बेडवर होते ना? ते बोलले तर ऐकतील. दोनच मिनिटं. आत्ता फोन लावता? जागे असतील ना?"

"ते ना," नऊ परत फिरत म्हणाला, "ते जरा गावाला..."

"नऊ," सात म्हणाली. "राहू द्या."

तिने मुलीचा हात दंडावरून सोडवला, पण हातातच ठेवला.

"ते नाहीत. सदतीस दिवस झाले."

मुलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने तिघांकडे एकेक करून बघितलं; चार रस्त्याकडे बघत होती. "पण तुम्ही म्हणालात, फ्रीज... सायकल..." मग ती नऊकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. "काका, तुम्ही मला म्हणालात, मी मुलीसारखी आहे तुम्हाला."

"हो ना," नऊ म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

मुलगी ताडताड चालत रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"जाऊ दे तिला," चार म्हणाली. "मी उद्या बोलते. माझीच चूक. मी कशाला आणली तिला, मला अक्कल नाही, मी..."

पण सात रस्ता ओलांडत होती. का, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघी समोरच्या बंद दुकानाकडे बघत होत्या.

"खोटं बोलायला नको होतं मी," सात म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत, आणि मला... मला छान वाटलं. एवढंच."

मुलीने गळ्यातलं ओळखपत्र काढून मुठीत धरलं. मग म्हणाली, "किती दिवस होते ते? त्या बेडवर?"

"दिवस?" सात म्हणाली. "चार वर्षं सात महिने."

मुलीची मान वळली. "वर्षं?"

"चार वर्षं सात महिने. त्यात दोनदा बसायला नाही म्हणाले. एकदा तर सिस्टरच्या अंगावर चादर फेकली आणि चपला न घालता खालपर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी श्वास लागला तेव्हा आपणहून आले. मग म्हणाले, माझी चादर कुठाय."

मुलगी मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. "माझा मुलगा पहिलीत आहे," ती हळूच म्हणाली. "चार वर्षं सात महिने म्हणजे पाचवी." मग तिचा चेहरा पुन्हा कोसळला. "आणि मग? गेले कसे?"

चार आणि नऊ मागून येऊन थांब्याच्या खांबापाशी उभे राहिले होते. सातने त्यांना पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल.

"तुमच्या मिस्टरांच्या हाताचं ऑपरेशन झालंय का? नसा जोडायचं?"

"मागच्या आठवड्यात."

"तिथे हात ठेवलात कधी?"

"भीती वाटते मला."

"ठेवा. मांजर मांडीवर घुरघुरतं ना, तसं लागतं. चोवीस तास. ते घुरघुरतंय तोवर नस चालू आहे, असं सिस्टर सांगतात. रोज बघायचं. मी रात्री पण बघायचे. मग बघता बघता हात तिथेच ठेवून झोपायची सवय लागली. साडेचार वर्षं. त्या रात्री मला जाग आली, कारण ते थांबलं होतं."

रस्त्यावरून एक रिकामी गाडी गेली.

"मी उठले नाही," सात म्हणाली. "मला नंतर सगळे म्हणाले, झोपेत गेले, कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं. मी हात तसाच ठेवून पडून राहिले. अर्धा तास. घड्याळ दिसत होतं मला. मशीन कसं थांबतं, वाजतं, सिस्टर येते, बटण दाबते, परत सुरू होतं. नेहमी सुरू होतं. मला वाटलं, हलले नाही तर होईल सुरू. माझा हात काढला तर नाही होणार. मला खरंच वाटलं तसं. मुलगी शेजारच्या खोलीत होती, फोन उशाशी होता. मी उठले असते तर..."

पुढचं वाक्य तिला येईना. सदतीस दिवस ती या वाक्यापर्यंत येत होती आणि परत जात होती.

बस आली. दार उघडलं. मुलगी पायरीवर चढली, आणि एक पाय वर, एक खाली, अशी थांबली. ड्रायव्हर काहीतरी म्हणाला.

"ताई," ती म्हणाली, "घरी जाऊन हात ठेवून बघते." मग क्षणभर थांबून, "उद्या येतील की नाही, माहीत नाही मला." आणि ती आत गेली. तिने खिडकीतून बघितलं नाही, हात हलवला नाही. बस वळली आणि गेली.

आता थांब्यावर तिघंच. सातला मान वर करायची भीती वाटत होती. जी नजर तिला नको होती, ती आता तिच्याकडे बघत असणार. तिने आधी चारच्या चपला पाहिल्या, मग नऊचे बूट, एक नाडी सुटलेली.

चारला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायला असायचं. चादरीवर, सिस्टरच्या केसांवर, देवावर. तिने तोंड उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं.

"मागच्या महिन्यात," ती म्हणाली, "आमचं मशीन बंद पडलं होतं, लाइट गेले तेव्हा. जनरेटर लागायला वेळ लागला. मी काय केलं माहितीये? हाक नाही मारली. सिस्टर पलीकडे होती, आणि मी मशीनवर हात ठेवून नुसती उभी. घरचा मिक्सर बंद पडल्यावर थोपटतात तशी थोपटत होते मी त्याला."

"हो ना," नऊ म्हणाला. मग त्याने घसा खाकरला, आणि त्या संध्याकाळचं त्याचं पहिलं खरं वाक्य बोलला. "मीसुद्धा उठलो नसतो."

सातने मान वर केली. नजर तीच होती. स्टुलावरची.

मग ती रडली. घरी नणंदेसमोर रडली होती तशी पदराआड नाही, तर लहान मुलं बाजारात हरवल्यावर रडतात तशी, तोंड उघडं टाकून, आवाज काढून, बसथांब्यावर, येणारे-जाणारे बघत असताना. "ते थांबलं गं," ती म्हणत होती, "मी हात काढला नाही तरी थांबलं." चारने तिला धरून ठेवलं होतं आणि तीही रडत होती. नऊला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने सातच्या खांद्यावरून घसरलेली तिची पर्स उचलली आणि दोन्ही हातांत धरून बाजूला उभा राहिला. पुढची बस आली, थांबली, कुणी चढत नाही म्हणून निघून गेली. मग तिच्या मागची. घरी जाऊया, असं तिघांपैकी कुणीच म्हणालं नाही.